घोडेस्वार, आजी आणि आमची गल्ली

तुमच्या घरी सगळे मिळून सिनेमा बघता का? म्हणजे आई स्वयंपाकघरातून हात पुसत येते, बाबा पेपर बाजूला ठेवतात, आजी-आजोबा खुर्ची पुढे ओढतात आणि तुम्ही जमिनीवर पाय पसरून बसता, अगदी तसा? की ज्याचा त्याचा मोबाइल आणि ज्याचा त्याचा सिनेमा?

आमच्या लहानपणी दुसरा पर्यायच नव्हता. धुळ्यात आमच्या गल्लीत मोजून तीन घरांत टीव्ही होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतले लोक वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे. सोबत तीन कॅसेट. रात्री नऊला सुरू झालेला कार्यक्रम पहाटे चारपर्यंत चालायचा. पैसे पूर्ण रात्रीचे दिलेले, मग झोपायचं कशाला? ओट्यावर सतरंज्या, मध्ये मुरमुरे-शेंगदाण्यांची परात आणि समोर टीव्ही!

एकदा दोन हिंदी कॅसेटांबरोबर तिसरी इंग्रजी आली. तिच्यावरचं लेबल फाटलेलं होतं, त्यामुळे सिनेमाचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. पण चित्रं डोळ्यांसमोर आहेत. लाल डोंगर, उडणारी धूळ, मोठ्या टोप्या घातलेले घोडेस्वार आणि धाड् धाड् गोळ्या! इंग्रजी कोणालाच धड येत नव्हतं. मग काका भाषांतर करायला लागले. पडद्यावरचा माणूस एक वाक्य बोलायचा, काका चार वाक्यं सांगायचे. अर्धी मनाची असणार, पण त्या रात्री कोणी तक्रार केली नाही.

मध्येच डोक्याला पिसं लावलेले काही लोक डोंगरावर दिसले. आजीने विचारलं, "ह्या कोन शेतस रे भो?"

काका म्हणाले, "ते इंडियन. ते व्हिलन आहेत."

आजी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "इंडियन शेतस, मंग त्या आपलाच ना!"

सगळा ओटा हसला. मीही हसलो. आजीचा प्रश्न किती बरोबर होता, ते कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

वेस्टर्न म्हणजे काय?

अशा सिनेमांना 'वेस्टर्न' म्हणतात. वेस्टर्न म्हणजे नुसता पाश्चात्य सिनेमा नव्हे बरं का! अमेरिकेच्या पश्चिम भागात, साधारण दीडशे वर्षांपूर्वी घडणाऱ्या गोष्टींचा तो सिनेमा. एक उजाड गाव, एक शेरीफ म्हणजे गावाचा पोलीस अधिकारी, काही दरोडेखोर, घोडे, आगगाडी आणि शेवटी रस्त्यात समोरासमोर उभं राहून होणारा सामना. एवढं असलं की झाला वेस्टर्न!

या प्रकारातला गाजलेला पहिलावहिला सिनेमा म्हणजे १९०३ सालचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'. जेमतेम १२ मिनिटांचा आणि मूक. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला तेव्हा अजून दहा वर्षं अवकाश होता. गंमत अशी, की हा 'पश्चिमेचा' सिनेमा अमेरिकेच्या पूर्वेला, न्यू जर्सी भागात चित्रित झाला होता! त्यात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे पिस्तूल रोखून गोळी झाडतो. आज आपल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण सिनेमा नवा असताना लोकांना केवढी धडकी भरली असेल!

पुढे १९३९ मध्ये जॉन फोर्ड या दिग्दर्शकाचा 'स्टेजकोच' आला आणि जॉन वेन हा नट घराघरात पोहोचला. मग टीव्हीचा जमाना आला. 'द लोन रेंजर' १९४९ मध्ये सुरू झाली, 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी तब्बल २० वर्षं चालली आणि 'बोनान्झा' १९५९ ते १९७३. 'बोनान्झा'मध्ये एक बाप आणि त्याचे तीन मुलगे मोठं कुरण सांभाळतात. बंदुका होत्याच, पण खरी गोष्ट होती घराची: भाऊ-भाऊ भांडतात, बाप समजावतो, संकट आलं की सगळे एक होतात. आठवड्यातून एकदा अख्खं कुटुंब टीव्हीसमोर का बसत असेल, हे वेगळं सांगायला नको.

भारतात म्हणाल तर १९६९ चा 'मॅकेनाज गोल्ड' एवढा चालला, की तुमच्या आजोबांना विचारलंत तर त्यांचे डोळे चमकतील. सोन्याच्या दरीचा शोध आणि शेवटी कोसळणारे कडे! (मात्र तो मोठ्यांचा सिनेमा आहे, तुम्ही थोडं थांबा.)

खरा काउबॉय कसा होता?

सिनेमातला काउबॉय दिवसभर पिस्तूल फिरवतो. खऱ्या काउबॉयला तेवढा वेळच नव्हता. तो होता गुराखी! अमेरिकेत १८६५ ला यादवी युद्ध संपलं, तेव्हा टेक्सास प्रांतात गुरं भरपूर होती आणि गिऱ्हाईक होतं दूरच्या शहरांत. मग दोन-तीन हजार गुरांचा कळप दहा-बारा जणांनी हाकत शेकडो मैलांवरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचा. दिवसाकाठी वीसेक किलोमीटर चालायचं. प्रवास दोन-तीन महिन्यांचा. ऊन, पाऊस, पुराने फुगलेल्या नद्या, रात्री जागून पहारा.

आपल्याकडचे ठेलारी मेंढपाळ बघितलेत ना? घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढ्यांचा कळप घेऊन रानोमाळ हिंडणारे? खरा काउबॉय सिनेमातल्या हिरोपेक्षा त्यांच्या जवळचा.

आणखी एक गोष्ट. सिनेमात काउबॉय बहुतेक गोरे दिसतात. पण ही कला मुळात मेक्सिकोच्या गुराख्यांची. 'लॅसो' म्हणजे फेकायचा फास, 'रँच' म्हणजे गुरांचं कुरण, 'रोडिओ' म्हणजे घोडेस्वारांचे खेळ, हे सगळे शब्द स्पॅनिश भाषेतून आले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे चार काउबॉयपैकी एक कृष्णवर्णीय होता. त्यातले कितीतरी जण गुलामीतून नुकतेच सुटलेले. पडद्यावर मात्र ते फारसे दिसले नाहीत.

काउबॉयचा जमाना टिकला तरी किती? जेमतेम वीस-बावीस वर्षं! १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. हो, आपल्या शेताला असते तीच! कुरणांना कुंपणं पडली, रेल्वे सगळीकडे पोहोचली आणि लांबचे प्रवास संपले. वीस वर्षांच्या कामावर शंभर वर्षं सिनेमे निघाले, आहे की नाही नवल?

जपान ते मालेगाव

आता एका गोष्टीचा प्रवास बघा. १९५४ मध्ये अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने 'सेव्हन सामुराई' काढला. दरोडेखोरांनी छळलेलं गाव रक्षणासाठी सात योद्धे आणतं, ही त्याची गोष्ट. कुरोसावांना जॉन फोर्डचे वेस्टर्न फार आवडायचे. अमेरिकेने ती गोष्ट उचलली आणि १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' काढला. सामुराई गेले, काउबॉय आले. तीच कल्पना फिरत फिरत आपल्याकडे आली आणि १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' पडद्यावर झळकला! दरोडेखोरांनी छळलेलं रामगड आणि रक्षणाला आणलेले जय-वीरू. ते खडकाळ डोंगर बंगळुरूजवळच्या रामनगरचे. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षांहून अधिक चालला.

गोष्ट इथेच थांबली नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव आहे, यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी गावातल्याच लोकांना घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' काढला! पैसे नाहीत, मोठी यंत्रं नाहीत. मग ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. पुढे त्यांनी सुपरमॅनवर सिनेमा केला. त्यात सुपरमॅन झाले होते यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख. या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमाही थिएटरांत लागला.

जपान, अमेरिका, मुंबई, मालेगाव. गोष्टीला पासपोर्ट लागत नाही, हेच खरं!

आजीचा प्रश्न

आता पुन्हा आमच्या गल्लीत या. तो सिनेमा बघितल्यावर सुट्टीभर आमचा एकच खेळ चालला. दिवाळीतली टिकल्यांची पिस्तुलं बाहेर निघाली. आम्ही सगळे काउबॉय. आणि इंडियन कोण? आमच्यात सातपुड्याकडच्या पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील नोकरीसाठी धुळ्यात आले होते. का कोण जाणे, पण पहिल्या दिवशी आम्ही त्याला इंडियन केलं आणि मग तो रोजच इंडियन झाला. रोज आम्ही त्याला लिंबाच्या झाडामागे गाठायचो, गोळ्या घालायचो आणि तो रोज मरायचा.

आठवड्याने तो म्हणाला, "आज मी नाही मरणार."

आम्ही म्हणालो, "मग खेळू नको."

तो घरी गेला. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आजीने सगळं ऐकलं होतं. तिने मला हाक मारली आणि एवढंच विचारलं, "खेयमा रोज एकच पोऱ्या कसाले मरस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यालाच का निवडलं, हे मला मनातून माहीत होतं. म्हणूनच बोलता येईना.

मोठेपणी पुस्तकं वाचली, तेव्हा त्या 'इंडियन' लोकांची हकिगत कळली. १४९२ मध्ये कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलत्याच ठिकाणी पोहोचला. हाच हिंदुस्थानचा भाग असं समजून तिथल्या लोकांना त्याने 'इंडियन' म्हटलं. चूक त्याची, पण नाव त्यांना चिकटलं! खरं तर ते एक नव्हेतच. लकोटा, अपाचे, नवाहो, चेरोकी अशा शेकडो जमाती, प्रत्येकीची वेगळी भाषा, वेगळ्या चालीरीती. जमीन त्यांची होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती घेतली. १८३० मध्ये तर त्यांना हलवण्यासाठी कायदाच केला. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना शेकडो मैल लांब हाकलण्यात आलं आणि वाटेत हजारो माणसं थंडीने, रोगाने, उपासमारीने दगावली. ज्या रानगव्यांवर तिथल्या जमाती जगत, त्या कोट्यवधी रानगव्यांचीही अंदाधुंद शिकार झाली. सिनेमात मात्र घर राखणारा झाला व्हिलन आणि घर घेणारा झाला हिरो!

मग माझ्या लक्षात आलं, की हे आपल्याकडेही घडलंय. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातल्या भिल्लांना त्यांनी आपल्या कागदांत लुटारू ठरवलं आणि त्यांना काबूत आणायला १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली. ती आपल्या धरणगावात, आजच्या जळगाव जिल्ह्यात! पुढे १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात पहारा देणारे खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले, लढले आणि त्यातच मारले गेले. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर. आपल्या लेखी? स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर. गोष्ट एकच, पण सांगणारा बदलला की हिरो आणि व्हिलन जागा बदलतात. १८७१ मध्ये तर इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द व्हायला स्वतंत्र भारतात १९५२ साल उजाडलं.

तेव्हा आजीचं 'आपलाच ना' हे नुसतं गमतीचं नव्हतं, बरं का!

चूक सुधारता येते

अमेरिकेतले लोकही पुढे विचार करू लागले. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेची कुरणावरच्या घराची पुस्तकं जगभरातल्या मुलांनी वाचली. त्यावर 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' ही मालिका १९७४ ते १९८३ या काळात चालली. १९३५ च्या पुस्तकात एक वाक्य असं होतं, की तिथे 'माणसं' राहत नव्हती, फक्त इंडियन राहत होते, असा अर्थ निघत होता. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, मग इंडियन माणसं नाहीत का? लेखिकेला चूक पटली आणि १९५३ च्या आवृत्तीत ते वाक्य बदललं. एका पत्रात केवढी ताकद असते, पाहा!

पुढे १९९० मध्ये 'डान्सेस विथ वुल्व्ज' आला. त्यात लकोटा लोक स्वतःच्या भाषेत बोलतात. या सिनेमाला सात ऑस्कर मिळाले.

आणि आमच्या गल्लीत? दुसऱ्या दिवशी मी त्या मित्राच्या घरी गेलो. 'चुकलो' म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "आज मी इंडियन होतो. तू शेरीफ हो." तो म्हणाला, "शेरीफ नको. मीच इंडियन होईन. पण आज इंडियन जिंकतील." त्या दिवशी इंडियन जिंकले. मी लिंबाखाली मेलो आणि पंधरा मिनिटं मुंग्या चावत असताना मेलेलाच राहिलो. रोज मरणं किती कंटाळवाणं असतं, ते कळलं!

आता घरी काय बघाल?

तुमच्यासाठी हे तीन सिनेमे. तिन्ही आजी-आजोबांबरोबर बघण्यासारखे.

'स्पिरिट: स्टॅलियन ऑफ द सिमरॉन' (२००२). ही गोष्ट चक्क घोड्याच्या बाजूने सांगितली आहे. घोडा माणसासारखा तोंडाने बोलत नाही, मनातलं सांगतो. त्याचा दोस्त लकोटा जमातीचा मुलगा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघून आलेल्यांनी तर हा बघायलाच हवा.

'रँगो' (२०११). एका वाळवंटी गावात सरडा शेरीफ होतो. गावातलं पाणी संपत चाललंय आणि ते जातंय कुठे हे कोडं आहे! टँकरची वाट बघितलेल्या खानदेशातल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. थोडी भीतीची दृश्यं आहेत, म्हणून लहानग्यांना जवळ घेऊन बसा.

'टॉय स्टोरी २' (१९९९). काउबॉय बाहुला वुडी याला कळतं, की आपण एका जुन्या टीव्ही कार्यक्रमातले आहोत. हसता हसता रडवणारा सिनेमा.

ताई-दादा मोठे असतील तर १९५२ चा 'हाय नून' बघा. त्यात एक गुंड दुपारच्या गाडीने येणार असतो आणि गावातला एकेक जण गावाच्या मार्शलला एकटं सोडून देतो. सिनेमा संपल्यावर घरात विचारा, आपल्या गल्लीने काय केलं असतं? बघा कशी चर्चा रंगते!

आई-बाबांसाठी चार गोष्टी

पहिली: सिनेमा लावण्याआधी प्रमाणपत्र बघा. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. २०२४ पासून 'यूए'मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, त्यामुळे निवड सोपी झाली आहे.

दुसरी: इंग्रजी समजत नाही म्हणून बंद करू नका. खालच्या ओळी एकाने मोठ्याने वाचाव्यात, दुसऱ्याने आजीला मराठीत किंवा अहिराणीत सांगाव्यात. आमच्या काकांसारखं थोडं मनाचं घातलं तरी चालेल!

तिसरी: मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तर 'गप्प बस' म्हणू नका. रिमोटवर थांबवायचं बटण कशासाठी दिलंय?

चौथी: सिनेमा संपल्यावर दहा मिनिटं गप्पा मारा. एकच प्रश्न पुरे: ही गोष्ट समोरच्या बाजूने सांगितली असती तर?

करून बघा

सिनेमातल्या घोड्याच्या टापांचा आवाज पुष्कळदा घोड्याचा नसतो! नारळाच्या दोन करवंट्या स्वच्छ करून घ्या. फरशीवर पालथ्या धरून टप-टप, टप-टप वाजवा. मातीत वाजवा, मग पायपुसण्यावर वाजवा. आवाज बदलेल. डोळे मिटून आजोबांना ओळखायला सांगा, घोडा डांबरी रस्त्यावर आहे की शेतात? रेडिओ आणि सिनेमावाल्यांनी कितीतरी घोडे असेच पळवले आहेत.

परवा जळगावला बहिणीकडे गेलो होतो. भाचीने एक जुना वेस्टर्न लावला. डोंगरावर पिसांचे मुकुट दिसले आणि तिने विचारलं, "मामा, हे कोण?"

मी रिमोट हातात घेतला, सिनेमा थांबवला आणि म्हणालो, "सांगतो. पण आधी तुला माझ्या आजीची गोष्ट ऐकावी लागेल."

सिनेमा त्या रात्री अर्धाच राहिला. उरलेला पुढच्या रविवारी!